सेकंदाला पाच वेळा

४ फेब्रुवारी

काटकोनची सायकल आज आली. खोकं उघडलं तर आत सायकल चादरीत गुंडाळलेली, एखादं तान्हं मूल पाठवावं तशी. काटकोन हे आमच्या वाचकांनी ठेवलेलं नाव. माणूस सत्तरीचा, एकट्याने सायकलींच्या फ्रेमी बांधतो, आणि कुणाशीही बोलताना हातातला काटकोन मापायचा गुण्या खाली ठेवत नाही. गेली तीन वर्षं तो एका फार जुन्या प्रवासी सायकलीचा आराखडा पुन्हा उभा करत होता. पुढचं चाक अशा बेताने बसवलेलं, की ओझं लादलं तरी हँडल जड होऊ नये. एका सायकल मंडळाने त्याला अशा वीस बांधायला सांगितल्यात. अट एकच, आमचा अहवाल चांगला यायला हवा.

अठरा वर्षांत आमच्या त्रैमासिकाने कमावलं असेल तर हेच. जुन्या घडणीच्या सायकली, त्यांचे कोन, त्यांच्या नळ्या आणि चाचण्या, एवढाच विषय. मी संपादक, दादा परीक्षक, आणि वहिनी बाकी सगळं, म्हणजे वर्गणीदार, टपाल आणि आम्हा दोघांना जेवायला ओढून नेणं. कचेरी दादाच्या घराच्या तळमजल्यावर, मी मागच्या खोलीत राहते. दादाने आजवर दोनशे चौदा सायकली चालवल्या, सगळ्या एकाच रस्त्यावर, एकाच पद्धतीने. म्हणून लोक आमचं ऐकतात.

सायकल जोडताना दादाच्या हातून एकच नट तीनदा पडला. मग म्हणाला, "छोटी, तूच लाव. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय." मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, तरी छोटीच.

७ फेब्रुवारी

चाचणी झाली. जलशुद्धीकरण केंद्रामागचा रस्ता, वारा जवळजवळ नाही, हवा कोरडी. चढाला दादाला वेळ जास्त लागला, पण उतारावर सायकल सुरेख पळाली. घात झाला तो सपाटीवर. वेग कमी होताच हँडल थरथरायला लागलं. दादा चार वेळा गेला, चारही वेळा तेच. हँडलवर कंपन मोजायचं यंत्र बसवलेलं असतं, त्याच्या आलेखावर ठसठशीत उंचवटा आला, सेकंदाला पाच कंपनांवर. दादा म्हणाला एवढ्यावर भागत नाही, त्याचे हात अजून तो कंप विसरले नाहीत. खरंच, थर्मासच्या झाकणातून चहा पिताना त्याचा डावा हात हलत होता.

"दोन्ही हात सोडून पाहिलंस?" मी विचारलं.

"नाही सोडले. हिंमत झाली नाही."

दादाची हिंमत होत नाही अशी सायकल मी अठरा वर्षांत पाहिली नाही.

८ फेब्रुवारी

दादाच्या नोंदी टंकायला बसले. दादा डावखुरा, अक्षर हल्ली इतकं बारीक काढतो की भिंग घ्यावं लागलं. ओळीच्या सुरुवातीला निदान लागतं, शेवटाला नुसत्या मुंग्या. वही वाचवतोस का, म्हणून चिडवलं, तर हसलाही नाही. त्याचा चेहरा हल्ली हसायला तयारच नसतो.

नोंदीत एक विचित्र वाक्य आहे. "नुसत्या उजव्या हाताने धरली तर थरथर नाही." याचा अर्थ लावता येईना. दादा म्हणाला, "तसं दिसलं खरं." हे वाक्य वाचकाला गोंधळात पाडेल, म्हणून काढलं.

दुपारी वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "छोटी, एकदा तू चालवून बघ ना ती."

मी सांगितलं की परीक्षक एकच असतो, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. वहिनीने नुसतं "बरं" म्हटलं आणि दादाच्या शर्टाची बटणं काढून तिथे टिचबटणं लावत बसली. सगळ्या शर्टांना लावत्येय. चांगल्या शर्टांची शोभा घालवायची ही काय हौस, देव जाणे. तिचा आमच्या कामावर पहिल्यापासून राग आहे. दादा सायकलवर बसायला निघाला की हिचं काहीतरी निघतंच. आज डॉक्टर, उद्या डोळे, परवा पाहुणे.

१५ फेब्रुवारी

लेख झाला. "देखणी, पण थरथरती" असं नाव दिलं. मला स्वतःला आवडलाय. नळ्यांच्या सांध्यांवरच्या झाळकामाचं कौतुक मनापासून केलं, मग आलेख दिला, मग स्पष्ट लिहिलं की या आराखड्यातच खोट आहे आणि लांबच्या प्रवासाला ही सायकल घेऊ नये.

छापण्याआधी कारागिराला कळवायचं हा आमचा शिरस्ता. काटकोनला फोन केला.

"थरथरते?" त्याने विचारलं. "हात सोडल्यावरही?"

"सोडताच आले नाहीत, इतकी थरथरते."

"बाई, मी तिच्यावरून दोन्ही हात खिशात घालून बाजारात गेलोय."

"आमच्याकडे यंत्राचा आलेख आहे."

"यंत्र काय सांगणार? हँडल हललं एवढंच. कुणी हलवलं ते नाही सांगत."

मला ते लागलं. दादावर आजवर कुणी असं बोट ठेवलं नव्हतं. त्याचं म्हणणं एका ओळीत लेखाखाली टाकलं, "कारागिराला हे मान्य नाही." सायकल उद्या परत जाईल.

२ मार्च

अंक पोचला. फोनवर फोन. एक जुना वर्गणीदार म्हणाला, "तुम्ही ओळखीपाळखीला भीक घालत नाही म्हणून तुमचं वाचतो." दिवसभर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी मंडळाच्या चिटणीसाचाही फोन आला. वीसच्या वीस सायकली रद्द केल्या म्हणे. आमचे आभार मानले.

दादाला सांगितलं. तो डावा हात मांडीखाली दाबून बसला होता, हल्ली त्याला तसंच बसायची सवय लागलीय. म्हणाला, "वीसही?" मग उठून अंगणात गेला.

११ मार्च

काटकोनचं पत्र. रेघांच्या कागदावर, पट्टी धरून लिहिल्यासारखं.

"संपादकबाईंस. मी चूक असेन तर मला ती कळायला हवी. माझ्या आयुष्यात आता दुसरा आराखडा होणे नाही. तुम्ही आणि तुमचे बंधू एकदा माझ्याकडे या. माझ्यासमोर चालवा. मी काही बोलणार नाही, नुसता बघेन."

दादाने पत्र दोनदा वाचलं. "जाऊ या का?" म्हणाला.

मी म्हटलं, "एकदा गेलो की प्रत्येक जण बोलावील. मग अहवाल कसला, वाटाघाटीच."

दादा वाद घालील असं वाटलं होतं. नाही घातला. उलट सुटल्यासारखा श्वास सोडला. मी तीन ओळींचं उत्तर टाकलं. फेरचाचणी करण्याची आमची पद्धत नाही, आपल्या भावना समजू शकतो, वगैरे.

१९ मार्च

एका शिक्षिकेचं पत्र आलं. काटकोनने बांधलेली अशीच पहिली सायकल तिच्याकडे आहे, दोन वर्षं चालवते, कधी थरथरली नाही. मालकांचं असंच असतं. आपल्या सायकलीचं कुणालाच दिसत नाही. फायलीत लावून टाकलं.

वहिनीने विचारलं, "काय लिहिलंय?" सांगितलं. ती म्हणाली, "तिला उत्तर दे, छोटी. उत्तर तरी दे."

२७ मार्च

मला काही सुचत नाहीये, म्हणून लिहिते.

पुढच्या अंकासाठी दादा माझी हिरवी सायकल चालवणार होता. चाळीस वर्षांपूर्वीची शर्यतीची घडण, मी कॉलेजपासून वापरतेय, तिच्यावर एक जुन्या आठवणींचा लेख करायचा होता. आज ती थरथरली. आलेखावर तोच उंचवटा, पाचावर. मी रस्त्याच्या कडेला बसून हँडलखालच्या गोळ्या बदलल्या, पुढचं चाक बदललं, टायरही बदलला. तरी तेच.

दादा म्हणाला, "पुढचं चाक धरणारा फोर्क वाकला असेल."

मोजला. केसभरही वाकलेला नाही.

२८ मार्च

सकाळी एकटीच गेले आणि हिरवी चालवली. गुडघा कुरकुरला, पण त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गेले. आधी डावा हात सोडला, मग उजवा. सायकल दोरीवर चालल्यासारखी सरळ गेली.

दादाचं वजन माझ्यापेक्षा बरंच जास्त आहे. वजनाने फ्रेम लवचिक होते आणि कंप जागा होतो, असं कुठेतरी वाचलंय. तेच असणार. दादाला बोलले नाही. उगाच त्याला वाटायचं की मी त्याचं काम तपासतेय.

३ एप्रिल

इस्पितळातून आत्ता आले. हात धुतले, चहा ठेवला, गॅस बंद केला.

दादा पडला. उतारावर नाही, वेगातही नाही. हिरवी थांबवून उतरताना. पाय खाली टेकायचा तो टेकलाच नाही, आणि तो तोडलेल्या झाडासारखा उजव्या अंगावर आडवा झाला. गळ्याजवळचं हाड मोडलं. मी धावले, तर म्हणाला, "सायकल ठीक आहे ना?"

हाडाच्या डॉक्टरने प्लास्टर वगैरे काही लागणार नाही, हात झोळीत ठेवा, म्हणून सांगितलं. मग जाता जाता तो थांबला आणि दादाच्या दुसऱ्या, डाव्या हाताकडे बघत राहिला. चादरीवर तो हात एकटाच काहीतरी करत होता. अंगठा आणि बोट, गोळी वळल्यासारखं. डॉक्टरने कुणालातरी बोलावून आणलं. ती बाई मेंदूविकाराची डॉक्टर. तिने दादाला अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, कोपरात हात वाकवून पाहिला, एक वाक्य लिहायला लावलं. कागद बघून मान हलवली. मला वाटलं, अक्षराला नावं ठेवणार.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

मी म्हणणार होते, आत्ता पडला तेव्हापासून. वहिनी आधी बोलली. "दीड वर्ष. चार वेळा तुमच्या इथली वेळ घेतली होती. चारही वेळा हे चाचणीला निघून गेले."

"कंपवात वाटतोय," डॉक्टर म्हणाली. "तपासण्या करू. पण हा कंप अगदी ठरावीक असतो. सेकंदाला चार-पाच वेळा."

मला आलेखावरचा पाचाचा उंचवटा आठवला.

४ एप्रिल

दिवसभर एकच वाक्य डोळ्यांसमोर. नुसत्या उजव्या हाताने धरली तर थरथर नाही. माझ्या हाताने काढलंय ते.

५ एप्रिल

सगळे जुने आलेख काढले आणि जमिनीवर ओळीने मांडले. उंचवटा पहिल्यांदा दिसतो तो गेल्या वर्षीच्या अगदी सुरुवातीच्या चाचणीत. तिथे नुसता फुगवटा आहे, रस्ता खडबडीत असेल म्हणून सोडून दिला होता. मग प्रत्येक सायकलीत थोडा थोडा मोठा होत गेलाय. एकूण सात अहवाल. दोन सायकलींचं आम्ही "हँडल जरा अस्वस्थ" असं लिहिलं, एकीला "थकलेला फोर्क" म्हटलं. सात सायकली, सात निरनिराळे कारागीर, आणि सगळ्यांत एकच दोष. मला शंका आली नाही. उलट मी एकदा दादाला म्हटलं होतं, "हल्ली तू फार बारीक पकडतोस."

वहिनी चहा घेऊन आली, कागदांच्या मधे जागा करून बसली.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं की. तुला दर वेळी वाटायचं मी कामात मोडता घालते."

"सरळ नाही सांगितलंस."

"ह्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, छोटीला कळलं तर त्रैमासिक बंद होईल, आणि ते बंद झालं तर ती कुठे जाईल."

मी कुठे जाईन याचा विचार मला कधी करावाच लागला नव्हता, हेही मला आजच कळलं.

६ एप्रिल

दादाला घरी आणलं. उशीला टेकवून बसवलं. मी सातही आलेख त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते नीट पाहिले. परीक्षक आहे तो, त्याला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हात हलतो हे माहीत होतं. सायकलवर बसलं की थांबतो असं वाटायचं. आधी थांबायचाही."

"काटकोनच्या वेळी?"

"मला वाटलं थरथर सायकलीची आहे." मग म्हणाला, "नाही. ती सायकलीचीच असावी असं मला वाटत होतं. उजव्या हाताचं वाक्य मुद्दाम लिहिलं. म्हटलं, तू विचारशील."

मी विचारलं होतं. पण उत्तराची वाट बघितली नव्हती.

९ एप्रिल

एकटीच काटकोनकडे गेले. रेल्वेने अर्धा दिवस, मग बस. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब खोली. त्याची मुलगी दारात आली. मी नाव सांगितलं तसा तिचा चेहरा मिटला. पण आत घेतलं.

काटकोन खिडकीसाठी लोखंडी जाळी जोडत होता. फ्रेमी बांधायचा त्याचा साचा, त्याने स्वतः घडवलेला, चाळीस वर्षांचा, कोपऱ्यात तुकडे होऊन पडला होता. करवतीने कापलेला.

"कधी?" मी विचारलं.

"तुमचं उत्तर आलं त्या दिवशी."

मी सगळं सांगितलं. दादाचा हात, आलेख, काढून टाकलेलं वाक्य, सगळं. मधे एकदाही त्याने मला अडवलं नाही. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने भिंतीवरून सायकल उतरवली. तीच, आम्ही परत पाठवलेली.

"चालवा."

मागच्या रस्त्यावर मी ती चालवली. वळणानंतर लांब सपाटी आहे. तिथे दोन्ही हात सोडले. तिच्यावर बसल्यावर आपण काही करतोय असं वाटतच नाही, ती तुम्हाला नेत असते. माझ्या आयुष्यात मी इतकी चांगली सायकल चालवली नव्हती. परत आले तेव्हा तो दारातच उभा होता.

निघताना म्हटलं, "आम्ही सगळं छापू. मंडळालाही लिहू."

"छापा," तो म्हणाला, आणि जाळीकडे वळला.

१२ एप्रिल

घरात भांडण. अठरा वर्षांतलं पहिलं खरं भांडण.

वहिनीचं म्हणणं, "आमची चूक झाली" एवढं लिहून मोकळं व्हा, आजाराचा उल्लेख नको. "ह्यांचं सगळं आयुष्य त्या दोनशे सायकलींत गेलंय. उद्या लोक म्हणतील, पहिल्यापासून हात हलत असेल, कशावरून नाही?"

मी म्हटलं, "कारण दिलं नाही तर काटकोनच्या सायकलीवरचा डाग जाणार नाही. लोकांना वाटेल, मिटवून घेतलं."

"त्याच्यासाठी तुझा जीव तुटतो. ह्यांच्यासाठी नाही तुटत?"

तुटतो. पण मी ते बोलले नाही, बोलले असते तर रडले असते.

दादा आतल्या खोलीतून म्हणाला, "दोघी इकडे या." आम्ही गेलो. "तारीख घाल," तो म्हणाला. "गेल्या वर्षीची पहिली चाचणी कुठली, तिथपासूनचे सगळे मागे घे. त्याच्या आधीचे राहू देत. आणि आजाराचं नाव लिही. मी दुसऱ्याच्या सायकलीला नावं ठेवली तेव्हा ती मोठ्या टायपात छापलीस ना."

वहिनी त्याच्या पायाशी बसून राहिली. मी लिहायला गेले.

३० मे

अंक गेला. पहिल्या पानावर सातही सायकली, सातही कारागिरांची नावं, दादाच्या आजाराचं नाव, आणि माझ्या काढलेल्या वाक्याची कबुली. लेख माझ्या सहीने. चाचणीचं सदर यापुढे नाही, हेही त्यातच.

८ जून

पत्रं आली. काही फार प्रेमाची. एकाने आमचे आजवरचे सगळे अहवाल कचऱ्यात टाकल्याचं कळवलंय. मंडळाच्या चिटणीसाने काटकोनला पुन्हा विचारलं म्हणे, वीस नाही, सहा. त्याने नाही सांगितलं. साचा नाही, म्हणाला.

दादाला औषधाने थोडं बरं आहे. सकाळी पेला स्वतः धरतो. पायऱ्या उतरताना मात्र मधेच थिजतो, वहिनी त्याच्या पुढे उलटी उतरते आणि "एक, दोन" म्हणते.

१७ जून

दुपारी बेल वाजली. दारात काटकोन. कडक इस्त्रीच्या शर्टात, हातात काही नाही. इतक्या लांबून न कळवता आला होता.

"तुमचे बंधू आहेत का?"

दादा पुढच्या खोलीत टेबलाशी बसला होता. काटकोनला पाहून उठायला गेला, ते जमेना. काटकोनने हातानेच बस म्हटलं आणि समोर बसला. दोघं एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. वहिनीने पाणी आणून ठेवलं. कुणी प्यायलं नाही.

"मी तो हात बघायला आलोय," काटकोन म्हणाला.

वहिनीचं तोंड लाल झालं. दादाने मात्र डावा हात मांडीखालून काढला आणि टेबलावर ठेवला. तो लगेच सुरू झाला. काटकोनने मनगटावरचं घड्याळ नीट केलं, मग आपला काळवंडलेला, भाजल्याच्या खुणांनी भरलेला हात त्याच्यावर ठेवला. दाबला नाही. नळी हातात घेऊन तिची जाडी अजमावतात, तसा नुसता ठेवला. डोळे घड्याळावर. पंखा फिरत होता. एक मिनिट गेलं असेल, मला फार लांब वाटलं.

"पाच," तो म्हणाला. "बरोबर आहे."

दादा म्हणाला, "तुमच्या सायकलीत काही नव्हतं."

"हो. आणि तुम्हाला जे जाणवलं तेच लिहिलंत. मला वाटत होतं कुणीतरी मुद्दाम केलं. तीन महिने तेच डोक्यात होतं." त्याने हात काढला. "आता ते नाही."

चहाला थांबला नाही, परतीची गाडी होती. मी फाटकापर्यंत गेले. म्हटलं, साचा पुन्हा करता आला तर आम्ही लागेल ती मदत करू.

"नाही होणार. माझे हात हलत नाहीत, पण जोर गेलाय." फाटकाची कडी काढताना तो माझ्याकडे वळला. "त्यांचा हात आजारी होता, बाई. मी पत्र लिहिलं, तेव्हा तुम्ही तर धडधाकट होतात."

मी हो म्हटलं. तो गेल्यावर कडी लावली आणि आत आले. दादा अजून टेबलाशीच होता. वहिनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून बसली होती.